डोक्याला मार लागलेल्या वृद्धांचा निर्णय नुसत्या वयावर करू नका

मेंदूच्या दुखापतीवरील उपचारांचे नियम ठरवणाऱ्या समित्यांमधील सर्व डॉक्टरांना,

सविनय नमस्कार.

मी न्यूरो आयसीयूत काम करणारी परिचारिका आहे. तुम्ही बैठकीत ठरवलेले प्रोटोकॉल शेवटी आमच्या हातून रुग्णापर्यंत पोहोचतात. म्हणून त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क आम्हालाही आहे, असे समजून लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे. डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाचे वय जरूर पाहा, त्याचा विचार करा, नातेवाइकांशी बोलतानाही ते लपवू नका. पण नुसत्या वयावरून ऑपरेशन नाकारणे, आयसीयूतला बेड नाकारणे किंवा पहिल्याच रात्री उपचार आवरते घेण्याची भाषा सुरू करणे बंद व्हायला हवे. एखाद्या भल्या डॉक्टरच्या मर्जीवर हे सोडून चालणार नाही. ते लेखी नियमात यायला हवे.

वयाचा परिणाम होतो, यात वाद नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मेंदूला गंभीर इजा झालेल्या ५,६०० रुग्णांची माहिती एकत्र केली होती. ३५ वर्षांखालच्या रुग्णांपैकी २१ टक्के दगावले होते, ५५ वर्षांवरच्यांपैकी ५२ टक्के. मृत्यूच्या जोडीला जाणीव परत न येणे आणि पूर्ण परावलंबी होणे हेही धरले, तर प्रमाण ३९ आणि ७४ टक्क्यांवर जाते. हा फरक मोठा आहे. आम्ही तो वॉर्डात पाहतो, आणि नातेवाइकांना खोटी आशा दाखवणारी मी नव्हे.

मात्र त्याच विश्लेषणात आणखी एक गोष्ट दिसली होती, तिची चर्चा फारशी कोणी करत नाही. वयाबरोबर धोका सलग चढत जातो. अमुक एका वाढदिवसानंतर तो एकदम उडी घेतो, असे काही आढळले नाही. ६५, ७० किंवा ८० या रेघा आपण हिशेबाच्या सोयीसाठी ओढल्या आहेत. ६९ वर्षांच्या रुग्णाला लगेच ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचे आणि ७१ वर्षांच्या रुग्णासाठी ‘आधी नातेवाइकांशी बोलून घेऊ’ म्हणायचे, याला त्या आकड्यांचा आधार नाही.

रुग्णाचे भवितव्य वर्तवण्यासाठी आज जी दोन मॉडेल सर्वाधिक वापरली जातात, ती दोन्ही २००८ मध्ये आली. इम्पॅक्ट हे मॉडेल ८,५०९ रुग्णांच्या माहितीवर उभे आहे. त्याच्या मूळ रूपात तीन गोष्टी पाहतात : वय, ग्लासगो स्कोअरमधला (म्हणजे रुग्ण किती शुद्धीत आहे हे १५ पैकी गुणांत सांगणाऱ्या मोजमापातला) हालचालीचा भाग आणि डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया. क्रॅश हे दुसरे मॉडेल १०,००८ रुग्णांवरून तयार झाले. त्यात वय, पूर्ण ग्लासगो स्कोअर, बाहुल्या आणि शरीरात इतरत्र झालेली मोठी इजा धरतात. दोन्हींत वय आहे, पण कुठेच ते एकटे नाही. आणि ही मॉडेल शंभर माणसांच्या गटाबद्दल बोलतात. समोरच्या खाटेवरचा माणूस वाचलेल्यांत असेल की गेलेल्यांत, हे त्यांना सांगता येत नाही. राउंडला मात्र ‘वाचण्याची शक्यता ३० टक्के’ हे वाक्य ‘वाचणार नाहीत’ असेच ऐकले जाते. त्यानंतर खाटेभोवतीची सगळी हालचाल मंदावते. हे मी अनेकदा पाहिले आहे.

यातला खरा गुंता आता सांगते. माझ्या दृष्टीने या पत्राचा गाभा हाच आहे.

गंभीर इजेचा रुग्ण रुग्णालयात दगावतो तेव्हा बहुतेक वेळा तो कशाने जातो? बाहेरच्या माणसाला वाटते, मेंदूच्या सुजेने किंवा रक्तस्रावाने. २०११ मध्ये कॅनडातल्या सहा ट्रॉमा केंद्रांचा, म्हणजे गंभीर दुखापतींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांचा, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर दुखापतीचे ७२० रुग्ण होते आणि त्यांतले सुमारे ३२ टक्के रुग्णालयातच दगावले. या मृत्यूंपैकी ७० टक्के मृत्यू उपचार थांबवण्याचा निर्णय झाल्यानंतरचे होते. असे मृत्यू किती, याचे प्रमाण एका केंद्रात ४५ टक्के, तर दुसऱ्यात जवळपास ८७ टक्के होते. आणि यांतले निम्म्याच्या आसपास मृत्यू पहिल्या तीन दिवसांतले होते.

केंद्रागणिक प्रमाण इतके बदलत असेल, तर त्याचे सगळे कारण रुग्णांच्या मेंदूत सापडेल असे मला वाटत नाही. काही कारण निर्णय घेणाऱ्यांच्या सवयीतही असणार.

आता याला वयाची जोड द्या. म्हातारा रुग्ण आला, ‘या वयात काही व्हायचे नाही’ म्हणून उपचार लवकर आवरले, रुग्ण गेला. त्याची नोंद आकडेवारीत वृद्धाचा मृत्यू म्हणून झाली. पुढच्या वर्षी त्याच आकडेवारीवरून पुढच्या वृद्धाबद्दल अंदाज बांधला. म्हणजे आपणच लावलेल्या मर्यादेचा परिणाम आपण वयाच्या नावावर टाकतो आणि त्यालाच पुरावा म्हणून परत वापरतो. वयामुळे किती माणसे जातात आणि वय पाहून आपण हात आखडता घेतल्यामुळे किती जातात, हे आजच्या नोंदींतून वेगळे काढताच येत नाही. कारण उपचारांवर मर्यादा कधी आणली, कोणी आणली आणि का आणली, हे मृत्यूच्या आकड्याशेजारी आपण लिहीत नाही.

अमेरिकेतल्या १८ ट्रॉमा केंद्रांच्या एका प्रकल्पातल्या माहितीवर २०२४ मध्ये एक काम प्रसिद्ध झाले. ज्यांचे उपचार थांबवले गेले, त्यांची तुलना तशाच स्थितीतल्या, पण उपचार चालू राहिलेल्या रुग्णांशी केली. या दुसऱ्या गटातले ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण सहा महिन्यांपर्यंत निदान काही प्रमाणात स्वावलंबी झाले होते. हा अंदाज आहे, त्याची हमी कोणी देत नाही. तरीही उपचार थांबवण्याचा कागद दुसऱ्याच दिवशी पुढे करताना हा आकडा टेबलावर असायला हवा. त्याच प्रकल्पातल्या २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासात, दोन आठवड्यांनंतरही जाणीव न परतलेल्या रुग्णांपैकी ७८ टक्क्यांना वर्षभरात जाणीव परत आली आणि २५ टक्क्यांना स्थळकाळाचे भान आले. यातले बहुतेक तरुण किंवा मध्यमवयीन होते, हे मला ठाऊक आहे. ऐंशीच्या माणसाला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण मेंदूची वाट पाहावी लागते, हे त्यातून नक्की कळते. आणि ती वाट किती पाहायची, हे तरुणासाठी आठवड्यांत आणि वृद्धासाठी तासांत मोजले जाते. माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे.

मेंदूच्या अतिगंभीर रुग्णांवर उपचार करणाऱ्यांच्या न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटी या संघटनेने २०१५ मध्येच शिफारस केली आहे की अतिगंभीर इजेनंतर पहिल्या ७२ तासांत उपचार थांबवण्याचे निर्णय टाळावेत, रुग्णाला पूर्ण आधार देऊन निरीक्षणाखाली ठेवावे. त्या शिफारशीला वयाची अट जोडलेली नाही. मग आपल्या प्रोटोकॉलमध्ये ती एका ओळीत का येऊ नये? रुग्णाने आधीच स्पष्ट इच्छा लिहून ठेवली असेल किंवा मेंदूचे कार्य पूर्ण थांबले असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी ७२ तास, मग वय २५ असो की ८५.

‘पण वृद्धांत अशा ऑपरेशनचा फायदा सिद्धच झालेला नाही’, हे उत्तर येईल, कारण ते नेहमी येते. सिद्ध होणार कसा? मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी कवटीचा भाग काढण्याच्या ऑपरेशनवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०११ च्या डेक्रा चाचणीत १५ ते ५९ वयाचे रुग्ण घेतले. २०१६ च्या रेस्क्यू-आयसीपी चाचणीत १० ते ६५. त्यापुढच्या माणसांना प्रवेशच नव्हता. रेस्क्यू-आयसीपीमध्ये सहा महिन्यांनंतर ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यू २६.९ टक्के आणि औषधोपचारांच्या गटात ४८.९ टक्के होते. वाचूनही जाणीवहीन अवस्थेत राहणाऱ्यांचे प्रमाणही ऑपरेशनच्या गटात जास्त, ८.५ टक्के विरुद्ध २.१ टक्के होते. म्हणजे तरुणांतही हा निर्णय सोपा नाही. वृद्धांत तो आणखी अवघड असेल, हे मला मान्य आहे. पण ज्यांना चाचणीत घेतलेच नाही, त्यांच्याविरुद्ध चाचणीचा दाखला देता येत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे वळते. सगळेच वृद्ध बेशुद्ध अवस्थेत येत नाहीत. बरेचसे चालत-बोलत येतात आणि आपल्या हातून तिथेच निसटतात.

वेगातल्या गाडीचा अपघात असला, तर रुग्ण पोहोचण्याआधी ट्रॉमा टीम दारात उभी असते. म्हातारा माणूस मात्र बाथरूममध्ये घसरतो, खुर्चीवरून उठताना तोल जाऊन पडतो. ब्रिटनच्या ट्रॉमा नोंदवहीने २०१७ मध्ये वृद्धांतल्या मोठ्या दुखापतींवर अहवाल काढला. दोन मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडणे हे वृद्धांतल्या मोठ्या दुखापतीचे सर्वांत मोठे कारण असल्याचे त्यात दिसले. पण ‘उभ्या उभ्या पडले’ हे ऐकल्यावर घाई करण्याची सवय आपल्या व्यवस्थेला लागलेली नाही. रुग्ण रांगेत थांबतो, कनिष्ठ डॉक्टर तपासतात, सीटी उशिरा होतो.

वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो आणि कवटीच्या आत मोकळी जागा वाढते. मेंदूपासून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात आणि किरकोळ धक्क्यानेही फाटतात. असे झाले की सबड्युरल, म्हणजे आवरणाखाली रक्त साठते. मोकळी जागा असल्याने सुरुवातीला त्या रक्ताचा दाब जाणवत नाही. म्हणून सीटीवर रक्ताची जाड गाठ दिसत असतानाही माणूस बोलत असतो, स्कोअर १४ किंवा १५ भरतो. तेवढीच गाठ तरुणाच्या डोक्यात असती, तर तो कधीच बेशुद्ध झाला असता. वृद्धांत इजा तितकीच असूनही ग्लासगो स्कोअर चांगला दिसतो, हे अभ्यासांतून पुढे आले आहे. तरीही भरतीचे आणि टीम बोलावण्याचे आपले निकष सर्व वयांसाठी त्याच एका स्कोअरवर बेतलेले आहेत. म्हणजे उपचार आवरायचे असतात तेव्हा वय आठवते आणि घाई करायची असते तेव्हा विसरले जाते.

२००१ च्या कॅनेडियन सीटी हेड नियमात वय ६५ किंवा त्याहून जास्त असणे हाच जास्त धोक्याचा निकष मानला आहे. शुद्ध हरपली असेल, घटना आठवत नसेल किंवा रुग्ण गोंधळलेला असेल, तर या वयात इतर लक्षणांची वाट न पाहता सीटी करायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण त्या अभ्यासात मुळातच घेतले नव्हते, म्हणून त्यांना हा नियम लावून सीटी टाळणे चूक आहे. अशा गोळ्या घेणारे सर्वाधिक रुग्ण वृद्धच असतात. वॉरफेरिन चालू असेल, तर व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांचे कॉन्सन्ट्रेट लगेच द्यावे लागते. डाबिगाट्रान या दुसऱ्या गोळीवर इडारुसिझुमॅब हा उतारा आहे. ही औषधे आपत्कालीन विभागात हाताशी असायला हवीत. शिवाय ‘कोणत्या गोळ्या घेता, शेवटची कधी घेतली’ हा प्रश्न नाव विचारल्यानंतर लगेच यायला हवा. अनेकदा तो सीटीत रक्त दिसल्यावर विचारला जातो.

वेळेचा मुद्दा रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधालाही लागू आहे. २०१९ च्या क्रॅश-३ चाचणीत १२,७३७ रुग्ण होते. सौम्य आणि मध्यम इजेत हे औषध तीन तासांच्या आत दिले, तर डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू कमी होतात, असे त्यात दिसले. गंभीर इजेत तसा फायदा दिसला नाही. रांगेत थांबवलेल्या आजोबांचे तीन तास रांगेतच संपतात.

रक्तदाबाबद्दलही थोडे लिहिते. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत वरचा रक्तदाब किती ठेवावा, हे वयानुसार दिले आहे : ५० ते ६९ वयाला किमान १००, १५ ते ४९ आणि ७० च्या पुढे किमान ११०. सत्तरीपुढच्या रुग्णासाठी अपेक्षा कमी केलेली नाही, ती तरुणाइतकीच आहे. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्या माणसाच्या मेंदूला १०५ चा दाब पुरेलच असे नाही. मॉनिटरवर तो आकडा हिरवा दिसतो आणि कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता माझ्या रोजच्या कामातले. ग्लासगो स्कोअर टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडला. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ पर्यंत गुण; एकूण ३ ते १५. साधा, सुटसुटीत, कोणालाही शिकवता येणारा. पण तो घेताना समोरचा माणूस ऐकू शकतो, बोलू शकतो आणि त्याचे हातपाय आधी ठीक होते, हे आपण गृहीत धरतो.

एक आजी भरती झाल्या तेव्हा हाका मारूनही डोळे उघडत नव्हत्या. चिमटा घेतला की उघडत आणि पुटपुटत. त्यांच्या पुटपुटण्यातला शब्द कळत नव्हता. चार्टवर डोळ्यांचे दोन, बोलण्याचे दोन लिहिले गेले, आणि वय ऐंशीच्या पुढे. चर्चा कुठल्या दिशेने गेली असेल, ते तुम्ही ओळखाल. दुपारी त्यांची मुलगी एक छोटी डबी घेऊन आली. त्यात श्रवणयंत्र होते, दुसऱ्या डबीत कवळी. यंत्र कानात बसवून मी हाक मारली. आजींनी डोळे उघडले आणि मुलीचे नाव घेतले. मेंदूत रक्ताची गाठ होती तेवढीच होती. बदलला तो आमचा स्कोअर, आणि त्याबरोबर त्यांच्याबद्दलचे बोलणेही बदलले.

बाहुल्यांचे तेच. रात्री टॉर्च मारला की एक बाहुली वाकडीतिकडी दिसते, प्रकाशाला नीट आकुंचत नाही. ते मोतीबिंदूच्या जुन्या ऑपरेशनमुळे असू शकते. काचबिंदूच्या काही थेंबांनी बाहुली बारीक होऊन बसते. आधीच्या पक्षाघाताने उजवा हात उचलत नसेल, तर तो आजच्या इजेचा नाही. स्मृतिभ्रंश असलेला माणूस दिवसवार चुकीचा सांगतो, तो कालही चुकीचाच सांगत होता. ‘सिस्टर, हे घरीही असंच बोलतात’, हे वाक्य नातेवाइकांकडून आपोआप येईपर्यंत थांबायचे कशाला? भरतीच्या कागदावर ‘आधी कसे होते’ असा एक रकाना सक्तीचा करा : ऐकणे, दिसणे, दात, चालणे, बोलणे, डोळ्यांची ऑपरेशने, घरातली कामे. तो भरायला फार वेळ लागत नाही. त्या मॉडेलमध्ये तुम्ही हालचाल आणि बाहुल्यांचे आकडे भरता, ते आकडे आमच्या चार्टवरून येतात. चार्टवर चूक असेल, तर दशांश चिन्हापुढचे आकडे कितीही नेमके काढले तरी काय उपयोग?

याच रकान्यातून तुम्हाला हवे असलेले दुसरे उत्तरही मिळेल. दोन ८० वर्षांची माणसे सारखी नसतात. एक जण जिने चढतो, स्वतःचे व्यवहार स्वतः पाहतो. दुसऱ्याला वर्षभर अंथरुणातून उठवून बसवावे लागते. या फरकाला मोजमाप आहे. रॉकवुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये क्लिनिकल फ्रेल्टी स्केल मांडले, शरीर किती खंगलेले आहे याची ती पायरी-पायरीने केलेली मांडणी. इजा होण्याच्या साधारण दोन आठवडे आधी रुग्ण कसा होता, हे विचारून ती पायरी ठरते. मेंदूच्या इजेतही खंगलेपणाचा परिणामाशी संबंध असल्याचे मेंदूच्या दुखापतींवरच्या युरोपातल्या सेंटर-टीबीआय या प्रकल्पाच्या माहितीतून दिसले आहे. मग निर्णयाच्या कागदावर जन्मतारखेच्या शेजारी ही पायरी का लिहू नये? माझे तर म्हणणे आहे की पायरी आधी आणि जन्मतारीख नंतर. हॅण्डओव्हर देताना, म्हणजे रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवताना, ‘अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई, घसरून पडल्या’ इथून सुरुवात झाली की ऐकणाऱ्याचे मत तिथेच बनायला लागते. ‘पूर्ण स्वावलंबी, एकट्या राहतात, बाहुल्या ठीक, हालचालीला सहा’ इथून सुरुवात करून पाहा.

तरुणांच्या बाबतीत उलटे होते, तेही नोंदवून ठेवते. पंचविशीचा मुलगा, दोन्ही बाहुल्या फाकलेल्या, तासन्‌तास प्रतिक्रिया नाही. तरी ‘तरुण आहे, निघेल’ म्हणून घरच्यांना आठवडाभर आशेवर ठेवले जाते. वय तिथेही चुकीच्या जागी वापरले जाते.

पहिला आठवडा पार पडला की वृद्ध रुग्णाचे जगणे-मरणे बरेचसे तुमच्या ऑपरेशनपेक्षा आमच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या हातात येते. त्या टप्प्यावर माणसे न्यूमोनियाने जातात, लघवीच्या नळीतून आलेल्या जंतुसंसर्गाने जातात, बेडसोर चिघळून जातात, पायातल्या शिरेतली गुठळी फुप्फुसात गेल्याने जातात. रात्री भ्रम होऊन नळ्या उपसतात, मग झोपेचे औषध दिले जाते, मग खोकला मंदावतो, मग छाती भरते. हा क्रम इतका ओळखीचा आहे की तो मधेच तोडता येतो. गिळता येते का ते पाहिल्याशिवाय तोंडाने काही द्यायचे नाही. नळी गरज संपताच काढायची. चष्मा आणि श्रवणयंत्र पहिल्या दिवसापासून. रात्री दिवे मंद. लवकर उठवून बसवणे. यासाठी माणसे लागतात. रात्रपाळीला एका नर्सकडे किती रुग्ण, हा प्रश्न वृद्धांच्या मृत्यूदराशी थेट जोडलेला आहे. प्रोटोकॉलमध्ये औषधांचे डोस मिलिग्रॅमपर्यंत लिहिता, तसे हेही लिहा.

रुग्णालये स्वतःचे यश कसे मोजतात, तेही बदलायला हवे. ‘डिस्चार्जच्या वेळी जिवंत’ हा आकडा सोयीचा आहे, कारण तो फाइल बंद होताच मिळतो. पण तिसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात हलवलेला रुग्ण त्यात जिवंत असतो. शेवटचे दिवस घरी काढावेत म्हणून नेलेला रुग्णही जिवंत असतो. उलट, दीड महिना झुंजून, दोन संसर्ग काढून, स्वतःच्या हाताने जेवायला लागलेली बाई त्याच आकड्यात एवढीच ‘जिवंत’ असते. वयोगटानुसार मृत्यू प्रसिद्ध करताना त्याच तक्त्यात हेही द्या : किती जणांच्या उपचारांवर मर्यादा आणली, कितव्या दिवशी आणली, आणि सहा महिन्यांनंतर उरलेले कोणत्या अवस्थेत होते. रुग्ण कितपत सावरला हे मोजणारे ग्लासगो आउटकम स्केल १९७५ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी फोनवर विचारायचे प्रश्नही ठरलेले आहेत. आमच्यातली एखादी नर्स हे फोन करू शकते, तिला तेवढा वेळ कामाच्या तासांत द्या.

प्रत्येक वृद्धाला शेवटपर्यंत नळ्यांना जखडून ठेवा, असे माझे म्हणणे नाही. उपचार थांबवणे कधीकधी योग्य असते, आणि तेव्हा ते नीट, वेदना न होऊ देता, घरच्यांना जवळ बसू देऊन करणे हेही आमचेच काम. काही माणसांनी आयुष्यभर सांगितलेले असते की परावलंबी होऊन जगायचे नाही. त्यांचे ऐकायलाच हवे. पण त्यासाठी त्यांना काय हवे होते, हे विचारावे लागते. घरच्यांना बसवून ‘त्यांना कसले आयुष्य चालले असते?’ असे विचारण्याऐवजी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या ‘वय बघता पुढे जाण्यात अर्थ नाही’ एवढे सांगितले, तर तो रुग्णाचा निर्णय राहत नाही, आपला होतो. मग कागदावर ‘नातेवाइकांची संमती’ लिहिले असले तरी. हे बोलणे ज्येष्ठ डॉक्टरांनी, बसून, आणि शक्यतो एकदाच नाही तर दोन वेगवेगळ्या दिवशी करावे, असा नियम घाला. त्या वेळी खाटेवरची नर्सही खोलीत असू द्या, कारण तुम्ही निघून गेल्यावर तोच प्रश्न नातेवाईक रात्री दोन वाजता आम्हाला विचारतात.

समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय येईल, तेव्हा टेबलाभोवती न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ आणि आपत्कालीन विभागाचे डॉक्टर असतील. त्यांच्याबरोबर एक वृद्धरोगतज्ज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट आणि रात्रपाळी करणारी एक नर्स असावी, ही विनंती. ‘आधी कसे होते’ या रकान्याचा कच्चा नमुना आम्ही काही जणींनी मिळून तयार केला आहे. तो एका पानाचा आहे. मागितलात, तर बैठकीआधी पाठवून देऊ.

आपली नम्र,
न्यूरो आयसीयूतील एक परिचारिका